रेल्वेच्या पैशावरचा ऑपेरा : साव्वा मामोंतोव आणि मॉस्कोचे व्यापारी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत रशियन संगीतात आणि रंगभूमीवर जे नवे घडले, त्याचा बराचसा खर्च दरबाराने नव्हे, तर व्यापाऱ्यांनी सोसला. अलेक्सांद्र ऑस्त्रोव्स्की या नाटककाराने मॉस्कोच्या व्यापारी घरांतला चिक्कूपणा, अडाणीपणा आणि कर्त्या पुरुषाची दंडेली नाटकामागून नाटकात चव्हाट्यावर मांडली होती. त्याच घरांतली पुढची पिढी नाटकगृहे बांधू लागली, गवयांना पगार देऊ लागली, संगीतकारांच्या स्वरलिपी छापू लागली. या पिढीतला सर्वांत धडाडीचा, सर्वांत गुणी आणि शेवटी सर्वांत वाईट रीतीने बुडालेला माणूस म्हणजे साव्वा इवानोविच मामोंतोव. त्याच्या आश्रयाचे स्वरूप काय होते, त्यात पैशाचा वाटा किती आणि स्वतःच्या डोक्याचा किती, आणि त्याला बुडवले कोणी, गाण्याने की लोखंडाने, हे प्रश्न त्याच्या हयातीतच विचारले जाऊ लागले होते.

मामोंतोवचा जन्म १८४१ साली सायबेरियातल्या यालुतोरोव्स्क गावी झाला. वडील इवान फ्योदोरोविच यांचा धंदा दारूच्या मक्त्याचा. सरकारला ठरलेली रक्कम आगाऊ भरायची आणि त्या मुलखातल्या दारूविक्रीचे उत्पन्न आपण वसूल करायचे, ही ती पद्धत. या मक्त्यातून रशियात अनेक घराणी गबर झाली. त्यांतल्या शहाण्यांनी मक्तेदारी संपण्याआधीच पैसा दुसरीकडे वळवला. इवान फ्योदोरोविच यांनी तो रेल्वेत घातला. मॉस्कोपासून त्रोइत्सा मठाच्या सेर्गियेव पोसाद या गावापर्यंतचा सुमारे ७० किलोमीटरचा लोहमार्ग १८६२ साली सुरू झाला, त्याच्या संस्थापकांत ते होते. मठाच्या यात्रेकरूंमुळे गाड्या पहिल्यापासून भरून जात. हा मार्ग पुढे यारोस्लाव्हल आणि शेवटी थेट उत्तरेला अर्खांगेल्स्कपर्यंत गेला. मामोंतोवच्या ऑपेराचा पैसा मुख्यतः याच रुळांवरून आला.

मुलगा मात्र अभ्यासापेक्षा नाटकात रमणारा निघाला. मॉस्कोत हौशी मंडळींनी ऑस्त्रोव्स्कीचे ‘वादळ’ केले, त्यात त्याने काम केले आणि त्याच प्रयोगात स्वतः ऑस्त्रोव्स्कीही एका भूमिकेत होता. बापाने त्याला धंद्याला लावण्यासाठी आधी बाकू आणि इराणकडे, मग रेशमाचा व्यापार शिकण्यासाठी मिलानला पाठवले. मिलानला रेशीम शिकायला पाठवणे म्हणजे मुलाला स्काला नाटकगृहाच्या दारात नेऊन सोडणेच होते. तिथे त्याने गळा तयार केला. आवाज चांगला होता, पण व्यावसायिक गायक होण्याइतका वेळ घराने दिला नाही. १८६५ साली येलिझावेता सापोझ्निकोवा या रेशीम व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न झाले. १८६९ मध्ये वडील वारले आणि काही वर्षांत रेल्वे कंपनीची सूत्रे त्याच्याकडे आली. दोनेत्सच्या कोळसा-पट्ट्यातली रेल्वेही त्याने बांधून घेतली. धंद्यात तो हौशी नव्हता, हे आधी नोंदवायला हवे. कारण पुढे त्याच्यावर झालेली निम्मी टीका तो नाटकवेडा असल्याने हिशेबात कच्चा असणार, एवढ्याच समजावर उभी आहे.

१८७० मध्ये मामोंतोव दांपत्याने मॉस्कोच्या उत्तरेला, स्वतःच्याच लोहमार्गाजवळ, अब्राम्त्सेवो ही वाडी १५,००० रुबलना विकत घेतली. ती आधी लेखक सेर्गेई अक्साकोव याच्या कुटुंबाची होती आणि गोगोल तिथे येऊन राहिलेला. पुढच्या वीस वर्षांत चित्रकार रेपिन, पोलेनोव, विक्तर वास्नेत्सोव, मूर्तिकार अंतोकोल्स्की, सेरोव, कोरोविन, व्रुबेल हे सगळे इथे येत, महिनोन्‌महिने राहत, रंगवत. सेरोवचे ‘पीच फळे आणि मुलगी’ हे १८८७ चे चित्र याच घरातल्या जेवणाच्या टेबलापाशी बसलेल्या मामोंतोवच्या थोरल्या मुलीचे, वेराचे आहे. पाचही मुलांची नावे अशी ठेवली होती की सेर्गेई, आंद्रेई, व्सेवोलोद, वेरा आणि अलेक्सांद्रा यांची आद्याक्षरे क्रमाने जुळवली की रशियन लिपीत ‘साव्वा’ होते. या हौशी थाटाला दुसरी, अधिक टिकाऊ बाजू येलिझावेताची होती. शाळा, दवाखाना, सुतारकामाची कार्यशाळा, खेड्यांतून जुन्या कोरीव वस्तू गोळा करणे, हे सगळे तिने चालवले. चित्रकारांनी आराखडे काढून वाडीत एक लहानसे देऊळही बांधले. ते १८८२ मध्ये पूर्ण झाले.

ऑपेराचे मूळ या घरातच आहे. १८७८ च्या अखेरीपासून नाताळात मामोंतोवच्या मॉस्कोतल्या घरी नाटके होऊ लागली. आधी नुसते देखावे, मग संवाद, मग मामोंतोवने स्वतः लिहिलेली नाटके. त्याच्या पत्नीच्या नात्यातला एक तरुण या खेळांत भाग घेई. त्याचे नाव कोन्स्तांतिन अलेक्सेयेव. तोच पुढे दिग्दर्शक स्तानिस्लावस्की म्हणून जगाला माहीत झाला. त्याने आठवणींत वर्णन केलेले दृश्य असे : प्रयोगाला जेमतेम आठवडा-दोन आठवडे उरलेले, घराची दारे रात्रंदिवस उघडी, एका खोलीत कपडे शिवले जात आहेत, दुसरीत जमिनीवर अंथरलेल्या पडद्यावर चित्रकार रंग चढवत आहेत, तिसरीत तालीम चालली आहे, आणि या गोंगाटात मामोंतोव नाटकाचा पुढचा प्रवेश लिहितो आहे, मधूनच रेल्वेच्या कारभाराची कामेही उरकतो आहे. याच आठवणींत एक कानउघाडणीही आहे. पडदे आणि कपडे अप्रतिम होत, नटांना मात्र भूमिका बसवायला वेळच मिळत नसे. मामोंतोवच्या पुढच्या सगळ्या कामाचे गुण आणि दोष या एका घरगुती धांदलीत दिसतात.

१८८२ च्या सुरुवातीला या घरात ऑस्त्रोव्स्कीचे ‘हिमकन्या’ झाले. नेपथ्य आणि कपडे वास्नेत्सोवचे होते. खेड्यांतला खरा पेहराव आणि खरे भरतकाम पाहून त्याने ते आखले होते, आणि थंडीबाबाची भूमिकाही त्याच्याच गळ्यात मारण्यात आली होती. त्याच वर्षी सरकारने एक निर्णय घेतला. तोवर मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग या दोन राजधान्यांत सार्वजनिक नाटके करण्याचा हक्क फक्त शाही नाटकगृहांना होता. १८८२ मध्ये ही मक्तेदारी उठली. व्यापाऱ्यांचा पैसा रंगभूमीकडे वाहू लागला तो या वर्षानंतर. त्याआधीही व्यापारी उदार नव्हते असे नाही, पण पैसा घालायला जागाच नव्हती.

९ जानेवारी १८८५ रोजी, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, मामोंतोवच्या खासगी ऑपेराचा पडदा दार्गोमिझ्स्कीच्या ‘रुसाल्का’ने उघडला. त्याच वर्षी, ऑस्त्रोव्स्कीच्या त्याच नाटकावर संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवने रचलेल्या ‘हिमकन्या’ या ऑपेराची तयारी सुरू झाली, घरातल्या प्रयोगाचे वास्नेत्सोवचे आराखडे आता मोठ्या मंचावर आले. शाही नाटकगृहांत त्या काळी पडदे साठवणीतले असत. एक जंगल, एक दरबार, एक रस्ता. कथा कुठलीही असो, तेच खाली सोडायचे. ते रंगवणारे कारागीर होते. मामोंतोवने हे काम चित्रकारांच्या हाती दिले. तरुण लेवितान आणि कोरोविन यांनी त्याच्या पडद्यांवर हात चालवला. ऑपेरा म्हणजे चित्र, गाणे आणि अभिनय यांचा एकच घाट, ही त्याची कल्पना होती. मॉस्कोच्या प्रेक्षकांना ती तेव्हा पटली नाही. त्यांना इटालियन गळे हवे होते. कंपनी दोन-तीन हंगामांत थंडावली आणि मामोंतोवने काही वर्षे इटालियन गायक आणून तीही हौस भागवली.

दुसरा डाव १८९६ मध्ये मांडला गेला, आणि तो निझ्नी नोवगोरोदच्या अखिल रशियन औद्योगिक प्रदर्शनात. रेल्वेवाला मामोंतोव तिथे उत्तरेच्या दालनाचा कर्ता होता. कोरोविनने त्या दालनासाठी उत्तरेकडचा समुद्र आणि बर्फ रंगवले. व्रुबेलला दोन प्रचंड फलक काढायला सांगितले होते. त्यांपैकी ‘स्वप्नराणी’ हा सुमारे ७ मीटर उंच आणि १४ मीटर रुंद होता. कला अकादमीच्या परीक्षकांनी ते नाकारले. मामोंतोवने प्रदर्शनाच्या कुंपणाबाहेर स्वतःच्या खर्चाने वेगळे दालन उभारले, आत व्रुबेलचे फलक लावले आणि दारावर पाटी लावली की ही अकादमीच्या परीक्षकांनी नापास केलेली चित्रे आहेत. लोक ती पाटी वाचूनच आत शिरले.

त्याच प्रदर्शनात त्याच्या नव्या कंपनीचे प्रयोग झाले आणि ग्लिंकाच्या ‘झारसाठी प्राण’ या ऑपेरात तेवीस वर्षांचा फ्योदोर शाल्यापिन सुसानिनच्या भूमिकेत उभा राहिला. शाल्यापिन कझानचा, गरिबीत वाढलेला, भरीव खर्जाचा गायक. पीटर्सबर्गच्या शाही मंचावर तो होता, पण तिथे त्याला मोठ्या भूमिका मिळत नव्हत्या. मामोंतोवने त्याला वर्षाला ७,२०० रुबल देऊ केले आणि करारभंगाच्या दंडाचा अर्धा भार स्वतः उचलला. पगारापेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्याला मोकळीक मिळाली : हवा तो ऑपेरा सांग, हवे ते कपडे सांग, होऊन जाईल. पुढच्या तीन हंगामांत शाल्यापिनने ‘प्स्कोवची कन्या’मधला झार इवान, मुसोर्गस्कीच्या ‘खोवान्श्चिना’तला दोसिफेई, ‘ज्युडिथ’मधला होलोफर्नीस, ‘मोझार्ट आणि सालिएरी’तला सालिएरी आणि अखेर मुसोर्गस्कीच्याच ‘बोरिस गोदुनोव’मधला झार बोरिस उभे केले. ‘ज्युडिथ’चा संगीतकार अलेक्सांद्र सेरोव. त्याचे नेपथ्य त्याच्या मुलाने, चित्रकार वलेंतिन सेरोवने सांभाळले. अशा जुळण्या फक्त मामोंतोवच्याच मांडवात होत.

बोरिसची तयारी हे या पद्धतीचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. १८९७ मध्ये मामोंतोवने सेर्गेई रखमानिनोवला दुय्यम वाद्यवृंद-संचालक म्हणून घेतले होते. त्याची पहिली सिंफनी त्याच वर्षी पीटर्सबर्गला साफ आपटली होती आणि चोवीस वर्षांचा हा संगीतकार खचलेला होता. तो एकच हंगाम टिकला. पण १८९८ च्या उन्हाळ्यात कंपनीची मंडळी गायिका तात्याना ल्युबातोविच हिच्या खेड्यातल्या घरी जमली. तिथे रखमानिनोवने पियानोवर बसून शाल्यापिनला अख्खा ‘बोरिस’ शिकवला, नुसती त्याची भूमिका नव्हे, सगळ्यांच्या भूमिका. जवळच इतिहासकार वासिली क्ल्युचेव्स्की राहत होता. शाल्यापिन त्याच्याकडे जाऊन झार बोरिसच्या काळच्या राजकारणाची माहिती विचारू लागला. डिसेंबर १८९८ मध्ये मॉस्कोने जो बोरिस पाहिला, तो नुसत्या गाणाऱ्याचा नव्हे, नट झालेल्या गायकाचा होता. गळ्यापुरते गाऊन हातवारे करणाऱ्या गायकांची सद्दी रशियात इथून उतरणीला लागली, असे म्हणायला हरकत नाही.

रिम्स्की-कोर्साकोवशी मामोंतोवचे नाते या सगळ्यात सर्वांत फलदायी आणि सर्वांत कुरबुरीचेही होते. ‘साद्को’ हा ऑपेरा शाही नाटकगृहांकडे गेला, तेव्हा झार निकोलस दुसरा याने काहीतरी अधिक आनंदी शोधा, असे सांगून तो यादीतून काढायला लावला. मामोंतोवने तो उचलला. २६ डिसेंबर १८९७ रोजी (जुन्या पंचांगाने) सोलोदोव्निकोव नाटकगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. संगीतकार नंतरच्या प्रयोगाला आला आणि नाराज झाला : वाद्यवृंदात काही वाद्ये नव्हतीच, समूहगायन कच्चे, तालमी अपुऱ्या. स्तानिस्लावस्कीने घरातल्या नाटकांबद्दल केलेली तक्रार आणि ही तक्रार तीच आहे. तरीही प्रयोग गाजला, आणि त्या दिवसापासून काही वर्षे रिम्स्की-कोर्साकोवचे नवे ऑपेरे याच मंचावर आधी झाले. व्रुबेलची पत्नी नाद्येझ्दा झाबेला हिच्या पारदर्शक सोप्रानो आवाजासाठी त्याने पुढच्या नायिका रचल्या. ‘साद्को’ची कथाही सहजगत्या जुळून आलेली आहे : नोवगोरोदचा एक गुस्ली वाजवणारा, समुद्रराजाला गाण्याने भुलवून शेवटी श्रीमंत व्यापारी होतो. मामोंतोवचा प्रवास उलट्या दिशेचा.

या कंपनीच्या जाहिरातींवर मामोंतोवचे नाव कधी नसे. कागदोपत्री मालक ल्युबातोविचची बहीण क्लावदिया विंटर. एका सार्वजनिक रेल्वे कंपनीचा अध्यक्ष ऑपेरा चालवतो हे भागधारकांना आणि मंत्रालयाला रुचले नसते. शिवाय ल्युबातोविचशी त्याचे संबंध मॉस्कोत सर्वांना ठाऊक होते. येलिझावेताने याच काळात ऑपेराकडे पाठ फिरवून अब्राम्त्सेवो धरले. आश्रयदात्याच्या घरातला हा खर्च कुठल्याच जमाखर्चात येत नाही.

इतर व्यापारी आश्रयदात्यांशी तुलना केली की मामोंतोवचे वेगळेपण आणि त्याची कमजोरी दोन्ही स्पष्ट होतात. नाद्येझ्दा फॉन मेक ही रेल्वे उभारणाऱ्या उद्योजकाची विधवा. तिने चायकोव्स्कीला १८७७ पासून १८९० पर्यंत वर्षाला ६,००० रुबल दिले, अट एकच की भेटायचे नाही. पैसा बिनशर्त, कामात लुडबुड शून्य. मित्रोफान बेल्यायेव हा पीटर्सबर्गचा लाकडाचा व्यापारी आणि हौशी व्हायोलावादक. त्याच्या घरी शुक्रवारी चौघांच्या वादनाची बैठक असे. त्याने १८८५ मध्ये लाइपझिगला प्रकाशनसंस्था काढली, कारण तिथे छापल्याने रशियन संगीतकारांना परदेशात हक्कांचे संरक्षण मिळे. रशियन सिंफनी मैफली सुरू केल्या, ग्लिंकाच्या नावाने वार्षिक पारितोषिके ठेवली. मरताना हे सगळे विश्वस्तांच्या हाती दिले आणि रिम्स्की-कोर्साकोव, ग्लाझुनोव, ल्यादोव यांना पहिले विश्वस्त नेमले. बेल्यायेव वारला तरी संस्था चालत राहिली. ‘साद्को’ची स्वरलिपी बेल्यायेवने छापली आणि मंचावर आणला मामोंतोवने, एका ऑपेरामागे दोन व्यापारी. तिसरा साव्वा मोरोझोव, कापड गिरण्यांचा मालक. १८९८ मध्ये निघालेल्या मॉस्को कला नाट्यगृहाचा तो मोठा भागीदार. त्याने १९०२ मध्ये कामेरगेर्स्की गल्लीतले नाटकगृह स्वतःच्या पैशाने नव्याने बांधून दिले आणि प्रकाशयोजनेच्या तारा स्वतः जोडल्या. ती इमारत म्हणजे १८८५ मध्ये मामोंतोवने आपला पहिला ऑपेरा लावला तीच जागा.

फॉन मेकने माणूस सांभाळला, बेल्यायेवने संस्था केली, मोरोझोवने वास्तू उभी केली. मामोंतोवने प्रयोग केले. प्रयोग संपले की उरतात पडद्यांचे आराखडे आणि लोकांच्या आठवणी. शिवाय त्याचा प्रयोग त्याच्या एकट्याच्या खिशावर आणि एकट्याच्या उत्साहावर चालत होता. खिसा गेला त्या दिवशी ते दिसले.

तो कसा गेला याबद्दल मतभेद आहेत, पण मुख्य गोष्टी निश्चित आहेत. १८९० च्या दशकात मामोंतोवने रेल्वेला लागणारी इंजिने आणि रूळ स्वतःच तयार करायचे ठरवले. पीटर्सबर्गचा नेव्स्की यंत्रकारखाना आणि सायबेरियातला लोखंडाचा कारखाना घेतला. दोन्ही पैसा गिळत राहिले. रेल्वे कंपनीच्या तिजोरीतून लाखो रुबल कारखान्यांकडे वळवले गेले. शेअर तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढले गेले. पीटर्सबर्ग ते व्यात्का या नव्या मार्गाचा परवाना मिळेल आणि त्यावर सगळे सावरेल, हा हिशेब होता. परवाना दिला आणि मग काढून घेतला गेला. त्यामागे अर्थमंत्री सेर्गेई विट्टेचे खासगी रेल्वे सरकारजमा करण्याचे धोरण होते, की मंत्र्यामंत्र्यांतली चुरस, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. ११ सप्टेंबर १८९९ रोजी मामोंतोवला अटक होऊन तागान्का तुरुंगात नेण्यात आले. तिथे तो वेळ घालवायला पहारेकऱ्यांच्या मातीच्या मूर्ती करत बसे. चित्रकारांनी मिळून त्याला पाठिंब्याचे पत्र पाठवले. शाल्यापिन आणि कोरोविन त्याच सुमारास शाही नाटकगृहांत रुजू झाले. त्यांची बोलणी आधीच ठरली होती, पण मामोंतोवला ते लागले, आणि शाल्यापिनशी त्याचे पूर्वीचे सूत पुन्हा कधी जुळले नाही.

१९०० च्या उन्हाळ्यात मॉस्कोत खटला चालला. वकील फ्योदोर प्लेवाको. पैसे नियमबाह्य रीतीने हलवले हे कोणी नाकारले नाही. ते स्वतःच्या खिशात घातले नाहीत, एवढाच मुद्दा होता. ज्युरीने निर्दोष सोडले. देणेकऱ्यांचे दावे मात्र राहिले. घर, चित्रे, सामान लिलावात गेले आणि रेल्वे सरकारने घेतली. ऑपेराने मामोंतोवला बुडवले, ही लोकांत रूढ झालेली गोष्ट या तपशिलापुढे टिकत नाही. ऑपेरा तोट्यातच चालत होता, पण तो तोटा कारखान्यांच्या तोट्यापुढे किरकोळ होता. ऑपेरा डोळ्यांत भरतो, लोखंडाचा कारखाना भरत नाही, म्हणून ही गोष्ट पसरली असावी.

मामोंतोवच्या कामाचे मूल्यमापन दोन टोकांचे झालेले आहे. एका बाजूला, त्याने कुणालाच पूर्ण वेळ दिला नाही, वाद्यवृंद कच्चा ठेवला, हट्टाने लोकांना कामाला जुंपले, ही तक्रार त्याच्याच माणसांची आहे आणि ती खरी आहे. दुसऱ्या बाजूला, शाही नाटकगृहांना पुढे जे करावे लागले ते सगळे त्याने आधी केले होते. कोरोविनला शाही मंचावर नेपथ्यकार म्हणून बोलावण्यात आले तेव्हा कारागिरांच्या पडद्यांचा काळ तिथेही संपला. सेर्गेई द्यागिलेवच्या ‘कला-विश्व’ या मासिकाच्या पहिल्या पैशांत मामोंतोवचा वाटा होता. १९०९ पासून द्यागिलेवने पॅरिसला नेलेल्या नृत्यनाटकांत चित्रकारच नेपथ्य करत होते, आणि पॅरिसला ते अगदी नवे वाटले. मॉस्कोला नव्हे. हुंडीवाल्या व्यापाऱ्याने दिलेला आश्रय आणि दरबारी आश्रय यांतला फरक इथे दिसतो : दरबार मान्य झालेल्यांना जपतो, मामोंतोवने अमान्य झालेल्यांना उचलले. त्याची नजर पैशापेक्षा मोठी होती, पण पैशाशिवाय तिचे काही चालले नसते.

अटकेनंतर कंपनी गायक-वादकांनी भागीदारीत चालवली आणि ‘झारची वधू’, ‘झार साल्तान’ हे रिम्स्की-कोर्साकोवचे ऑपेरे मालक गेल्यावर तिथेच पहिल्यांदा झाले. ‘साल्तान’चे नेपथ्य व्रुबेलचे. १९०४ मध्ये ती बंद पडली. त्याच सुमारास सेर्गेई झिमिन या कापड व्यापाऱ्याने स्वतःची ऑपेरा कंपनी सुरू केली. मामोंतोवची बरीच माणसे आणि पद्धत तिच्याकडे गेली, आणि ती क्रांतीपर्यंत चालली. सोलोदोव्निकोव नाटकगृहात आज मॉस्कोचे ऑपेरेटा थिएटर आहे. मामोंतोव स्वतः शहराच्या कडेला बुतिर्स्काया वेशीजवळच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात राहिला. येलिझावेता १९०८ मध्ये वारली. अब्राम्त्सेवो तिच्या नावावर असल्याने जप्तीतून वाचले होते. मामोंतोव एप्रिल १९१८ मध्ये मॉस्कोत वारला. त्याला चित्रकारांनी बांधलेल्या त्या देवळाशेजारी पुरले. मॉस्कोच्या मध्यभागी मेट्रोपोल हॉटेल उभारण्याची योजना त्याची होती आणि तिच्या आत त्याला एक ऑपेरागृह हवे होते. १९०५ मध्ये हॉटेल उघडले तेव्हा ऑपेरागृह त्यात नव्हते. व्रुबेलची ‘स्वप्नराणी’ मात्र रंगीत मातीच्या फरशांत उतरून दर्शनी भिंतीवर बसवलेली आहे. निझ्नी नोवगोरोदला नापास झालेला मूळ फलक त्रेत्याकोव चित्रसंग्रहालयात आहे, आणि त्याच्यासाठी तिथे स्वतंत्र दालन आहे.